खुर्ची डेडस्टॉकमध्ये, मरीचा वाफा कुठेच नाही: कृषी विद्यापीठांच्या कार्यकारी परिषदांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कृषी विद्यापीठांच्या कार्यकारी परिषदांचे आणि महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेचे सन्माननीय सदस्य

विषय : संशोधन केंद्रांवरील शास्त्रज्ञांच्या बदल्या, बढत्या आणि हंगामाचा पैसा

सप्रेम नमस्कार.

शास्त्रज्ञाची बदली पदाप्रमाणे होते आणि त्याचे काम पिकाच्या पिढ्यांप्रमाणे चालते. या दोन्हींचा मेळ बसत नाही आणि त्याचा भुर्दंड विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पडतो. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. पगार, वेतनश्रेणी, निवृत्तीचे वय यांबद्दल संघटना बोलतात, त्यात आम्ही भर घालत नाही.

आधी सोयाबीन घ्या. वऱ्हाडात जूनअखेर पेरलेले सोयाबीन नागपंचमी ते पोळा या दिवसांत फुलते. पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला, संकर करायला वर्षभरात तेवढेच दिवस मिळतात. उद्या उमलेल अशी कळी ओळखायची. ती ज्वारीच्या दाण्याहून थोडीशीच मोठी असते. बारीक चिमट्याने तिचे हिरवे आवरण सोलायचे, पाकळ्या उपसायच्या, आतले दहा पुंकेसरांचे कडे स्त्रीकेसराला धक्का न लावता काढायचे आणि नर वाणाच्या ताज्या फुलातला पराग टेकवायचा. सकाळी दहा वाजून गेले की हात थांबवावा लागतो. पाऊस आला तर सकाळ वाया. निम्म्याहून जास्त कळ्या दोन-चार दिवसांत गळून पडतात. ज्या टिकतात त्यांच्या शेंगेत एक ते तीन दाणे भरतात. पंधरा दिवस वाकून काम केल्यावर एका संकराचे पन्नास-साठ दाणे हाती आले तर हंगाम बरा गेला म्हणायचा.

त्यातलेही सगळे दाणे खरे नसतात. मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा घेतला असेल, तर पुढच्या खरिपात जांभळे फुललेले झाड खरा संकर. पांढरे फुलले, तर कळीत तिचाच पराग आधी पडला होता असे समजून ते झाड उपटायचे. ही पहिली पिढी, एफ-1. तिसऱ्या वर्षी एफ-2 ची हजार-दोन हजार झाडे, त्यातली निवडक झाडे वेगवेगळी कापून, वेगवेगळी मळून चौथ्या वर्षी प्रत्येकाची एकेक ओळ. असे करत एफ-6 पर्यंत गेले की ओळीतली झाडे एकसारखी दिसू लागतात. मग केंद्रावरच्या चाचण्या दोन वर्षे, त्यानंतर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातल्या तीन पायऱ्यांच्या तीन वर्षांच्या चाचण्या, मग संयुक्त अ‍ॅग्रेस्को (राज्यातल्या कृषी विद्यापीठांची संशोधन शिफारशी ठरवणारी एकत्र बैठक), वाण प्रसारण समिती आणि शेवटी बियाणे कायदा 1966 खालची अधिसूचना. उन्हाळी हंगामात एखाद-दुसरी पिढी पुढे ढकलून दोनेक वर्षे वाचवता येतात. मात्र सोयाबीन दिवसाच्या लांबीवर चालणारे पीक असल्याने उन्हाळ्यात उत्पादनावरून निवड करता येत नाही, फक्त पिढी सरकवता येते. एवढे करून दहा ते बारा वर्षे लागतात.

अधिसूचना निघाली म्हणजे वाण शेतकऱ्याला मिळाला, असा समज मंत्रालयापासून गावापर्यंत आहे. हिशेब करून पाहा. पैदासकाराचे पिवळ्या टॅगचे बियाणे 10 क्विंटल आहे. हेक्टरी 75 किलोने ते सुमारे 13 हेक्टरवर पडेल. प्रक्रिया करून हेक्टरी 12 क्विंटल बियाणे मिळाले तर पांढऱ्या टॅगचे पायाभूत बियाणे 160 क्विंटल. त्यापासून पुढच्या वर्षी निळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे सुमारे 2,560 क्विंटल, म्हणजे साधारण 3,400 हेक्टरची पेरणी. विदर्भात सोयाबीन लाखो हेक्टरवर आहे. सोयाबीनचे बियाणे वर्षाला जेमतेम सोळा पट वाढते आणि त्यात एखाद्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागून उगवण 70 टक्क्यांच्या खाली गेली की तो सगळा लॉट बाद, वर्ष गेले. जबलपूरचा जेएस-335 हा 1994 साली अधिसूचित झाला आणि पुढे कितीतरी वर्षे विदर्भ तोच पेरत राहिला. त्याचे एक कारण हेच. तिशीत केलेला संकर पंचेचाळिशीत शेतकऱ्याच्या तिफनीत पडतो.

आता या पंधरा वर्षांवर तीन-चार वर्षांच्या बदलीची फूटपट्टी ठेवा. एफ-3 ला बसलेला माणूस एफ-5 ला उठतो. कागदोपत्री कार्यभार दोन तासांत दिला जातो: किल्ल्या, वह्या, बियाण्याच्या पिशव्या, सही. वहीत 'ओळ 214, निवड' एवढेच असते. ही ओळ वावराच्या चिभडलेल्या कोपऱ्यात होती, चार दिवस पाण्यात राहिली आणि तरी हिरवी राहिली म्हणून ठेवली आहे, हे वहीत कोणी लिहीत नाही. लिहायला पाहिजे हे खरे. पण हजार ओळींत फिरताना जे डोळ्यांत साठते ते सगळे रकान्यात मावतही नाही. नवा माणूस पुढच्या वर्षी उत्पादनाचा आकडा पाहतो, ओळ 214 मागे पडलेली दिसते, तो ती काढून टाकतो. त्याची चूक म्हणता येत नाही. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीसाठी लागणारा गुण मात्र तिथेच संपतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की एफ-2 पासून एफ-6 पर्यंतचे साहित्य ज्याच्या हाती आहे त्या पैदासकाराला प्रशासकीय कारणाने हलवू नये. हलवणे भागच पडले तर जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने एक अख्खा खरीप एकत्र काढावा. फुलोऱ्यात एकदा, शेंगा भरताना एकदा आणि पक्वतेला एकदा, असे किमान तीनदा दोघांनी मिळून प्रत्येक ओळ चालावी आणि नोंदी दोघांच्या सहीने व्हाव्यात. याला जास्तीचे पद लागत नाही, फक्त रुजू होण्याची तारीख जूनच्या आधी आणि कार्यमुक्तीची तारीख दसऱ्यानंतर ठेवावी लागते.

तुरीकडे वळतो, कारण तिथली गोष्ट आणखी अवघड आहे. मर, म्हणजे मातीतल्या बुरशीने उभे झाड वाळवणारा रोग. त्याला टिकणारी तूर निवडायची तर आधी मर असलेली जमीन लागते. असा वाफा जाणूनबुजून 'आजारी' केलेला असतो. मरीने वाळलेल्या झाडांची खोडे बारीक तुकडे करून दरवर्षी त्याच मातीत गाडायची, दर काही ओळींनंतर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पेरायची आणि ती ओळ जवळजवळ पूर्ण वाळते की नाही हे मोजायचे. ती सगळीकडे सारखी वाळली तरच शेजारच्या ओळीचे हिरवेपण खरे मानायचे. नाहीतर ते झाड प्रतिकारक नसते, त्याला रोग भेटलेलाच नसतो. असा वाफा एकसारखा आजारी करायला काही वर्षे जातात.

तो बिघडायला एकच उत्साही अधिकारी पुरतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो केंद्रावरचा सगळ्यात वाईट तुकडा दिसतो. भेटीला कोणी मोठे येणार म्हटले की तो नांगरून घेण्याचा हुकूम सुटतो, किंवा महसूल वाढवायचा म्हणून तिथे ज्वारीचा बीजोत्पादन प्लॉट टाकला जातो. ज्वारीच्या फेरपालटाने मरीची बुरशी कमी होते, हे आपणच शेतकऱ्याला शिकवतो. तेच इथे उलटे अंगावर येते. केंद्रावरच्या लाकडी खुर्च्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला, आहेत, तुटलेली खुर्चीसुद्धा निर्लेखित करायला समिती बसते. आजारी वाफ्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. त्याला गट क्रमांक, चतुःसीमा आणि स्थापनेचे वर्ष देऊन मालमत्ता म्हणून नोंदवा आणि विभागप्रमुखाच्या लेखी परवानगीशिवाय त्यात नांगर घालता येणार नाही असा नियम करा. चार ओळींचे परिपत्रक पुरे.

बियाण्याच्या संग्रहाचेही तसेच. कापसाची सरकी किंवा हरभरा थोडा धीर धरतो. सोयाबीन धरत नाही. विदर्भाच्या एप्रिल-मेच्या उन्हात साध्या खोलीत ठेवलेल्या सोयाबीनची उगवण वर्षभरात ढासळते. बीजशास्त्रात एक ठोकताळा आहे: दाण्यातला ओलावा एक टक्क्याने किंवा खोलीचे तापमान पाच अंशांनी उतरले की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. म्हणजे शीतखोली चालू असेल तर पाचशे वाण दर तीन-चार वर्षांनी पेरून ताजे करता येतात, बंद असेल तर दरवर्षी सगळे पेरावे लागतात. दरवर्षी सगळे पेरायला मजूर नसतात आणि शीतखोलीच्या वीजबिलाला अंदाजपत्रकात खर्चाचे शीर्ष नसते. मग ज्यांना कोणी विचारत नाही असे वाण आधी जातात. त्यातच उद्याच्या एखाद्या रोगाचे उत्तर असते आणि ते गेल्याचे कुणाला कळतही नाही.

मजुरांचा विषय वरवरचा वाटतो, तसा तो नाही. चाचणीतला एक निव्वळ वाफा, म्हणजे कडेच्या ओळी सोडून उरलेला, 13.5 चौरस मीटरचा धरू. त्यातून 2.7 किलो दाणा आला तर हेक्टरी 20 क्विंटल होतात. नव्या वाणाने चेक वाणापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी शेजारी पेरलेल्या प्रचलित वाणापेक्षा, दहा टक्के सरस असावे अशी अपेक्षा धरली तर सगळी चुरस 270 ग्रॅमची आहे. वाफ्यात तीन-चार ठिकाणी रोपे तुटलेली असली, कडेच्या ओळी काढायच्या राहिल्या, एक पिशवी सकाळच्या दवात आणि दुसरी दुपारच्या उन्हात तोलली, दोन वाफ्यांमध्ये मळणीयंत्र झाडून घेतले नाही, तर यातली कुठलीही एक चूक 270 ग्रॅम खाऊन टाकते. म्हणूनच पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या लागतात, त्याही शिसपेन्सिलीने लिहिलेल्या. शाई पहिल्या सरीत फुटते. हे सगळे ज्यांना सांगावे लागत नाही अशा दहा-बारा सरावलेल्या बाया केंद्राचा कणा असतात. त्यांच्या हजेरीचा पैसा वेळेवर आला नाही की त्या खासगी वावरात निंदायला जातात आणि मग ठेकेदाराची माणसे येतात. त्यांना ओळ 214 आणि 215 सारखीच. वाफ्यावाफ्यातली तफावत इतकी वाढते की निष्कर्षच काढता येत नाही आणि ती चाचणी बाद ठरते. बाद चाचणीचा दोष शास्त्रज्ञाच्या माथी.

अनुदान आर्थिक वर्षाप्रमाणे येते, तण मृगाप्रमाणे येते. पेरणीपासून पहिल्या दोन निंदणांपर्यंतची मजुरी, म्हणजे जून आणि जुलै या दोन महिन्यांची रोख, 31 मेपूर्वी केंद्राच्या खात्यात आगाऊ जमा व्हावी. मार्चअखेर घाईने घेतलेल्या यंत्रांपेक्षा ती कमी रकमेची असते.

बढतीबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हालाही ठाऊक आहे. शोधनिबंधांना गुण आहेत, नियतकालिकाच्या मानांकनाप्रमाणे आहेत, ते असावेतही. पण दहा वर्षे आजारी वाफा राखणाऱ्या रोगशास्त्रज्ञाचा त्यावर एकही निबंध निघत नाही. त्या वाफ्यावर चाळणी लावून, म्हणजे वाण पेरून रोगाला टिकणारे वेगळे काढून, तिघे जण निबंध लिहितात. न्यूक्लिअस बियाणे, म्हणजे वाणाचे अगदी मूळ बियाणे, शुद्ध ठेवणाऱ्याचे तसेच. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होते, म्हणून जाळी लावून, अंतर राखून, भेसळ झाडे उपटून वाण टिकवावा लागतो. ते काम नीट झाले तर दिसतच नाही. बिघडले की पाच वर्षांनी शेतकरी म्हणतो, 'हा वाण आता पहिल्यासारखा राहिला नाही.' वाणाच्या प्रस्तावावर शेवटी आलेल्यांची नावे असतात आणि संकर करणाऱ्याचे नाव अनेकदा गळते. वंशावळ वहीतूनच हे ठरवता येईल: संकर कोणी केला, एफ-2 ची निवड कोणाची, चाचण्या कोणी चालवल्या, रोगाची चाळणी कोणी लावली. प्रस्तावात चार रकाने वाढवा आणि गुण त्या रकान्यांना द्या.

त्याच प्रस्तावात पाचवा रकाना शेतकऱ्याचा हवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या प्लॉटमधल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी तयार केला. पुढे 1998 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून (पीकेव्ही) तोच शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी या नावाने प्रसारित झाला. दादाजींना राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान 2005 मध्ये मिळाला; 2018 मध्ये ते गेले. श्रेय कोणाचे यावर तेव्हा बरेच बोलले गेले, ते इथे उकरत नाही. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 चा आहे. शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवण्याचा हक्क त्यात आहे. पण अर्जात पानांचा रंग, लोंबीची लांबी, दाण्याचा आकार अशी लक्षणे ठरलेल्या पद्धतीने भरावी लागतात. ते शेतकऱ्याला एकट्याने जमत नाही, शास्त्रज्ञाला अर्ध्या हंगामात जमते. सिंदेवाही आणि साकोलीच्या भात केंद्रांवरच्या माणसाने वर्षाला असे दोन अर्ज भरून दिले तर ते त्याच्या कामात धरले जावेत. आज असा वेळ स्वतःच्या खिशातला असतो.

आता कापूस, आणि त्यासोबत लोकसेवेचा भाग. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी आपण सांगतो: पीक 45 दिवसांचे झाले की हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले किंवा दहा टक्के हिरवी बोंडे किडली की फवारणीचा विचार करा. वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात ल्यूर, म्हणजे सापळ्यातले मादीच्या गंधाचे आमिष, तीन-चार आठवड्यांत निकामी होते आणि कोणी बदलत नाही. सप्टेंबरात सापळा रिकामा दिसतो, शेतकरी निर्धास्त होतो आणि डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली फुले, आत अळी घेऊन उभ्या असतात. पऱ्हाटी वाढते आणि सापळा खालीच राहतो; तो शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा. बोंडे फोडून पाहायची तर एकरी वीस हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून घ्यावी लागतात, धुऱ्याजवळची वीस घेतली तर अंदाज चुकतो. हे पत्रकातून पोहोचत नाही, वावरात उभे राहून दाखवावे लागते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत कीटकशास्त्रज्ञाने आठवड्यातले चार दिवस गावात असावे. त्याच महिन्यांत त्याच्याकडे सत्र परीक्षा, अहवाल आणि बैठका असतात. कृषी विज्ञान केंद्राला मंजूर पदे 16, त्यात विषयतज्ज्ञ 6, त्यातले किती भरलेले आहेत ते आपल्याच कार्यालयात पाहता येईल.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, कुणीही न शिफारलेली औषधांची मिश्रणे, तोंडावर फडकेही नाही, दमट उकाडा आणि दिवसदिवस चाललेली फवारणी. त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या शिफारस-पुस्तिकेत 'करू नये' म्हणून छापलेली होती. पुस्तिका आणि पंप यांच्या मध्ये उभा राहणारा माणूस कमी पडला. त्याच वर्षी बोंडअळीने बीजी-2 ला, म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला, दाद दिली नाही. आश्रयाच्या (बिगर-बीटी कापसाच्या) ओळी कोणी लावल्या नव्हत्या, लांब मुदतीचे संकरित वाण फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड म्हणून, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले पीक म्हणून, उभे होते. शिवाय संकरित बोंडातल्या सगळ्याच सरकीत विष नसते, त्यामुळे अळीला त्याच बोंडात सरावायला जागा मिळते. लवकर येणारे, दाट लावणीचे सरळ (संकरित नसलेले) वाण हा त्यावरचा एक रस्ता. 60 बाय 10 सेंटीमीटरवर हेक्टरी एक लाख सहासष्ट हजार झाडे बसतात आणि पीक डिसेंबरात आटोपते. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरचे ठेवू शकतो, म्हणून कंपन्यांना त्यात रस असण्याचे कारण नाही. एकेए-7, एकेए-8 सारखे देशी वाण किंवा पीकेव्ही रजत सरकारी पगारावरच्या माणसांनीच केले. तो माणूस जागेवर नसेल तर ते काम करणारे दुसरे कोणी नाही.

गावभेटींना बढतीत गुण द्यायचे म्हटले की आक्षेप येतो: भेटी खोट्या लिहिल्या जातील. लिहिल्या जातात. त्यावर उपाय असा की भेटींची संख्या मोजू नका. त्या गावातल्या ठरवून दिलेल्या दहा वावरांतली वीस-वीस बोंडांची नोंद मोजा, तारखेसह, आणि त्यातली दोन वावरे दुसऱ्या केंद्राच्या माणसाने त्याच आठवड्यात फोडून पाहावीत. आकडे जुळले तर गुण. चाचणीच्या वाफ्याला आपण लावतो तीच कसोटी आहे ही.

बदल्यांचे प्रस्ताव येत्या उन्हाळ्यात पुन्हा आपल्यापुढे येतील. प्रत्येक नावासमोर सध्या पद, केंद्र आणि सेवेची वर्षे हे तीन रकाने असतात. एक चौथा घाला: हाती असलेले साहित्य कोणत्या पिढीत आहे. तो रकाना भरून आल्याशिवाय त्या नावावर सही करू नये, एवढी विनंती.

आपले,
विदर्भातील संशोधन केंद्रांवर पैदास, रोगशास्त्र, कीटकशास्त्र आणि विस्ताराचे काम केलेले व करीत असलेले काही शास्त्रज्ञ